आधी तालमीला जा

नेर परसोपंत,
जि. यवतमाळ

चि. बाळूस,


तुझा लांबलचक निरोप मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत सुटतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. सावकाश वाच. आणि वाचून झाल्यावर बाबाला पाठवू नकोस, त्याला मी वेगळं लिहिणार आहे.

सतार शिकायला पुण्याला आलेल्या मुलानं मित्रांच्या नाटकाला संगीत द्यावं का, त्याच दिग्दर्शकाचा लघुपटही घ्यावा का, की ही शास्त्रीय संगीताशी बेइमानी होईल, असं तू विचारलंस. नाटक घे. लघुपटाला लगेच हो म्हणू नकोस, का ते पुढे सांगते. बेइमानी हा शब्द तुझा नाही, तुझ्या बाबाचा आहे, हे मी ओळखलं. पोट्टं सतारीला बसवलं आणि ते नाटकवाल्यांत जाऊन बसलं, ही त्याची तक्रार. त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. मैफलीचा कलाकार नाटक-सिनेमात गेला आणि मग त्याची बैठकच सुटली, अशी माणसं असतात. पण ती सुटते रियाज सुटल्यामुळे. नाटकाचा त्यात दोष नाही.

आणि तुझ्या बाबाला हे माहीत नसावं की तू राहतोस त्याच शहरात याचा सगळ्यात मोठा दाखला होऊन गेला. भास्कर चंदावरकर सतारच शिकले होते, तीही पंडित रविशंकरांकडे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी संगीत शिकवलं. भारतीय वाद्यांवर 'वाद्यवेध'सारखं पुस्तक लिहिलं, ते तुझ्या वाचनालयात मिळालं तर घेऊन ये. २००९ साली ते गेले, तोवर मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली, उडिया अशा किती भाषांतल्या दिग्दर्शकांनी त्यांना बोलावलं. मृणाल सेन यांचा 'खंडहर', अपर्णा सेन यांचा 'परोमा', नीरद महापात्र यांचा 'माया मिरिगा', विजयाबाई मेहतांचा 'रावसाहेब', अमोल पालेकरांचा 'आक्रीत', गिरीश कार्नाडांचा 'ओंदानोंदु कालदल्ली'. या सगळ्यांत एक चंदावरकरी छाप शोधायला गेलास तर सापडणार नाही. मला तीच त्यांची मोठी गोष्ट वाटते.

पण तू सिनेमाकडे नंतर जा, आधी 'घाशीराम कोतवाल' बघ. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, चंदावरकरांचं संगीत. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं ते थांबवलं, तेव्हा त्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली आणि १९८० साली हेच नाटक युरोपात नेलं. हा इतिहास तुला कुणीही सांगेल. तू संगीताकडे बघ. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी असते. तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच वाट देते, आणि तीच गाते. कीर्तनाची चाल चालू असते आणि त्यातूनच लावणी उगवते. देवाचं नाव ज्या तोंडातून निघतं त्याच तोंडासमोर नको ते चाललेलं असतं, आणि तरी ठेका चुकत नाही. तुला वाटेल, यात शास्त्रीय ते काय? मृदंग, ढोलकी, टाळ्या, कोरसचे आवाज, बस्स. पण भजनाच्या चालीतला कोणता स्वर जरा लांबवला की भक्तीचा ढोंगीपणा होतो, हे ज्याला कळतं त्याचा कान रागदारीनंच तयार झालेला असतो.

आता मला सांग, ही चाल घरी पेटीसमोर बसून सुचेल का? रांग किती पावलं मागे सरकते, ती उघडायला किती वेळ लागतो, नाना फडणवीस झालेला नट कोणत्या अंगानं आत येतो, गाणाऱ्यांपैकी कुणाचा श्वास कुठे संपतो, हे समोर बघितल्याशिवाय ठेका किती ठेवायचा हे ठरवता येणार नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे: आधी तालमीला जा. पहिल्या वाचनापासून जा. सतार घेऊन जाऊ नकोस. कोपऱ्यात बसून ऐक. संवाद पाठ होतील इतकं ऐक. कोणता नट सुरात बोलतो, कोण बेसूर पण लयीत आहे, कुणाच्या गप्प बसण्यात दम आहे, याची मनात नोंद कर. तुला रागाच्या बढतीची सवय आहे, हळूहळू एकेक सूर उलगडण्याची. नाटकात एखाद्या प्रवेशाला तुझी सबंध बढत लागेल आणि एखाद्याला फक्त षड्ज. हे ठरवायची जागा तालमीची खोली.

आता आपल्याकडच्या माणसाचं सांगते. आनंद मोडक अकोल्याचे. १९५१चा जन्म, पुण्यात बँकेत नोकरी, आणि नोकरी सांभाळून नाटकं, सिनेमे. २०१४ मध्ये गेले. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'ला १९७४ साली त्यांनी संगीत दिलं, तेव्हा तेविशीत होते, म्हणजे तुझ्याच वयाचे. त्या नाटकात मेलेला माणूस उठून स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. कीर्तन हे गाडगेबाबांच्या मुलखात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही, पण कीर्तनाची चाल तशीच्या तशी ठेवून तिच्यात चाळीतल्या माणसाचं मरण बसवायचं, ते हसूही यावं आणि गळाही दाटावा, हे सोपं नाही. चाल खरीखुरी कीर्तनाची नसती, नुसती नक्कल असती, तर नाटक टिंगल होऊन पडलं असतं. चंद्रकांत काळे ती भूमिका करायचे. पुढे याच काळ्यांबरोबर मोडकांनी कवितांचे आणि बायकांच्या गाण्यांचे कार्यक्रम केले, आमच्या नागपूरच्या ग्रेस यांच्या कवितांचा 'साजणवेळा', 'शेवंतीचं बन'. आणि जब्बार पटेलांबरोबर सिनेमे: 'एक होता विदूषक', 'मुक्ता', शेवटी 'यशवंतराव चव्हाण'.

यावरून तुला दुसरी गोष्ट सांगायची आहे. बघ, नावं तीच तीच येतात. पटेल, आळेकर, काळे, चंदावरकर, मोडक. ही माणसं एकमेकांना पंचवीस-तीस वर्षं सोडून गेली नाहीत. भांडली असतील, तो भाग वेगळा. पण ज्या दिग्दर्शकाबरोबर तू दहा वर्षं भांडू शकशील असा एक जरी मिळाला तरी तो दहा मोठ्या बॅनरपेक्षा मोलाचा. तुझ्या या मित्रांत तसा कुणी आहे का, हे तुला तालमीत पंधरा दिवसांत कळेल. ज्या दिग्दर्शकाला तुझा तुकडा कापायचा धीर होत नाही, त्याच्यापासून जपून राहा. आणि कापल्यावर तू रुसणार असशील, तर त्यानं तुझ्यापासून जपून राहावं.

एकत्र काम करण्याचा आणखी एक दाखला म्हणजे पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा', १९७८चा. मूळ जर्मन, ब्रेख्तचं १९२८चं, त्याला संगीत कुर्ट वाइलचं. हा वाइलही पक्का शास्त्रीय शिकलेला, बुसोनीचा विद्यार्थी. पण त्यानं त्या नाटकात रस्त्यावरचं, दारूच्या गुत्त्यातलं संगीत आणलं. आपल्याकडे चंदावरकर, मोडक आणि रॉक गाणारे नंदू भेंडे अशा तिघांनी मिळून ते काम केलं. तिघं! तुझ्या सतारीच्या क्लासात दोघांना एका रागावर एकमत करता येत नाही, असं तूच लिहिलं होतंस.

थोडं उलट बाजूनंही बोलू, नाहीतर तुझा बाबा म्हणेल आत्या एकतर्फी बोलते. नाटकात गाणं पुरं फुलवायचंच नाही, असं मी म्हणत नाही. 'कट्यार काळजात घुसली' बघ. १९६७चं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि आडनावातच आपला शेजारचा दारव्हा. खाँसाहेब झाले ते वसंतराव देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा. संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचं. त्या नाटकात दोन गायकींचं वैर हीच गोष्ट आहे, म्हणून तिथे गाण्याला पूर्ण अंगानं यावंच लागतं. खाँसाहेबांचं गाणं आखडून घेतलं असतं तर नाटकच उरलं नसतं. पण तेच अभिषेकी १९६४ला 'मत्स्यगंधा' करतात, तेव्हा जुन्या संगीत नाटकातली लांबत जाणारी पदं ते बाजूला ठेवतात आणि पद आटोपशीर करतात. माणूस एकच, विद्या तीच, नाटक वेगळं. तुझ्या नाटकात गाणं हा विषय आहे का? नाही. मग तुला 'कट्यार' करायची परवानगी नाही.

तुमचं नाटक कापूस पिकवणाऱ्या घरावर आहे, यवतमाळ जिल्ह्यातलं, आणि दिग्दर्शकाला "विदर्भाचा फील" हवा आहे, असं तू लिहिलंस. हे वाचून मी जरा चिडले, तेही सांगून टाकते. त्यानं तुला म्हणे सारंगीचा एक रडवा तुकडा पाठवला आहे आणि तसंच काहीतरी कर म्हटलं आहे. बाप्पा, आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की पुण्या-मुंबईच्या लोकांच्या मनात सारंगीच वाजते! आत्महत्यांच्या बातम्या खऱ्या आहेत, आपल्या आजूबाजूच्या घरांत त्या घडल्या आहेत, मी काही त्या नाकारत नाही. पण त्या घरातली माणसं दिवसभर सारंगीच्या सुरावर उसासे टाकत नाहीत. ती सोयाबीनच्या भावावरून शिव्या घालतात, दंडारीचा खेळ बघायला जातात, पोळ्याला झडत्या म्हणतात. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐक: तिच्यात रडणं कुठे आहे? ती माणसाला उठवून बसवते.

झडत्यांचंच घे. तोरणाखाली बैलं उभी असतात, एक जण ओरडून चार ओळी म्हणतो आणि सगळे मिळून गजर करतात. त्या ओळींत महादेव-पार्वती असतात, आणि तेवढ्यातच कापसाचा भाव, सरकार, सावकार यांचीही खबर घेतलेली असते. धटिंगण, खणखणीत, हसरी. तुमच्या नाटकात ज्या प्रवेशात घरातला माणूस गेलेला आहे त्यानंतर कुठे बाहेरून झडतीचा गजर ऐकू आला, तर? चंदावरकरांनी 'घाशीराम'मध्ये जे केलं त्याची ही नक्कल होईल का, की तुमच्या नाटकाची ती गरज असेल, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तालमीत म्हणून बघा. फसलं तर काढून टाका. मात्र खंजिरी आणि डफडं "लोकसंगीत" म्हणून भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं भुरभुरू नका.

भुलाबाईची गाणीही तुला उपयोगी पडतील. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी म्हणायच्या ती. सासरची गाऱ्हाणी अगदी सपाट चालीत. तीन-चार सुरांत सगळं गाणं संपतं. तुला वाटेल यात काय आहे. तुझ्या गुरूंना विचार, तीन सुरांत इतका वेळ टिकून राहणं किती अवघड आहे ते.

आता लघुपट. त्याला मी थांब म्हणते, त्याची दोन कारणं.

एक तर, त्यात दिग्दर्शकानं आधीच दुसऱ्या सिनेमाचं संगीत चित्रावर चढवून ठेवलं आहे आणि तेच "रेफरन्स" म्हणून तुला पाठवलं आहे. सगळे असंच करतात असं तू म्हणशील. करत असतील. पण ते संगीत ऐकत ऐकत त्यानं चित्र कापलं आहे, आता त्याचा कान त्यालाच चिकटला आहे, आणि तू काहीही केलंस तरी ते त्याला कमीच वाटणार. काम घेण्याआधी त्याला एकच गोष्ट माग: ते संगीत काढून टाकलेली, फक्त संवाद आणि आवाज असलेली प्रत. ती एकट्यानं बघ. कुठे संगीत लागतच नाही त्याची यादी आधी कर, मग कुठे लागतं त्याची. तो अशी प्रत द्यायला तयार नसेल तर मुकाट्यानं नको म्हण.

या बाबतीत तुझ्या सतारीच्या घरातलीच गोष्ट सांगते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकरांनी जवळजवळ एका बैठकीत, रात्रभर बसून केलं. सिनेमा पुरा झालेलाही नव्हता. ते संगीत आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुढे मोठ्या उस्तादांचा वेळ मिळेना, आणि मिळाला तरी त्यांचं मन आणि सिनेमाचं मन एक होईना. 'जलसाघर'ला विलायत खाँ. त्यांनी केलेल्या संगीतात त्या जमीनदाराबद्दल माया जास्त होती. राय यांना तो माणूस जास्त कोरड्या नजरेनं बघायचा होता, म्हणून त्यांनी त्याच संगीताखाली सिबेलिअस मिसळलं. 'देवी'ला अली अकबर खाँ. आणि १९६१च्या 'तीन कन्या'पासून राय स्वतःच संगीत देऊ लागले. उस्तादांत काही कमी होतं का? मुळीच नाही. ते चित्र कापणाऱ्या टेबलाजवळ दिवसचे दिवस बसू शकत नव्हते, इतकंच. तू उस्ताद नाहीस, तुझ्याकडे वेळ आहे. तीच तुझी जमेची बाजू, ती हातची घालवू नकोस.

चंदावरकरांचे दोन सिनेमे लागोपाठ बघ. १९७५चा 'सामना', साखरसम्राट हिंदुराव आणि दारुडा मास्तर. त्यात लावणीही आहे आणि आरती प्रभूंचं, रवींद्र साठ्यांच्या आवाजातलं गाणंही. ते गाणं कुणा पात्राच्या तोंडी नाही, ते सगळ्या गोष्टीवर बोलतं, कोरस बोलतो तसं. म्हणजे 'घाशीराम'ची रांग इथे एका आवाजात उतरली, असं मला वाटतं. मग २००४चा 'श्वास' बघ. डोळ्याच्या कॅन्सरनं दृष्टी जाणार असलेला पोरगा आणि त्याचा आजा. रडवायला इतकी सोपी गोष्ट दुसरी मिळायची नाही. तरी तिथे संगीत किती जपून आलं आहे ते बघ. तीस वर्षांत माणूस कुठून कुठे गेला, पण ओझं वाढवलं नाही.

लघुपटाला थांब म्हणण्याचं दुसरं कारण पैशाचं. याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. त्यानुसार सिनेमातल्या गीताच्या लेखकाला आणि संगीतकाराला, सिनेमागृहात तो सिनेमा दाखवण्याखेरीज त्या संगीताचा इतर ठिकाणी जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीत बरोबरीचा हिस्सा मिळतो, आणि हा हक्क त्याला सोडूनही देता येत नाही. कुणी "सगळे हक्क कायमचे आमचे" असा कागद पुढे करेल. वाचल्याशिवाय सही करू नकोस. संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व कसं मिळतं ते बघून ठेव. नाटकाच्या बाबतीत हे असं आपोआप घडत नाही, म्हणून प्रत्येक प्रयोगाला किती, ध्वनिमुद्रण बाहेर वापरलं तर किती, हे मित्र असले तरी कागदावर घे. मित्र असले तर आधी घे. हे का सांगते, तर मुंबईचे वनराज भाटिया बघ, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकलेले, 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'तमस' करणारे. हजारो जाहिरातींना संगीत दिलं. आणि म्हातारपणी त्यांना पैशाची चणचण आहे अशा बातम्या २०१९ साली वाचल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं. एवढं काम केलेल्या माणसावर ती वेळ यावी!

रियाजाचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण बाबा विचारणार. पहाटेची बैठक मोडायची नाही. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे ती मोडण्याचा मोह होईल. दिग्दर्शकाला पहिल्या दिवशीच सांग की अमुक वाजता मी उठून जाणार. एकदा सांगितलं की कुणी काही म्हणत नाही, रोज कुरकुरत बसलास की सगळे म्हणतात. आणि आपल्या गुरूंना हे काम घेतलंय ते दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. स्वतः जाऊन सांग. ते नाही म्हणाले तर का नाही ते ऐकून घे. चिडून नाही म्हणाले असतील तर महिन्याभरानं पुन्हा विचार.

नाटकाची संहिता मला पाठव, पीडीएफ नको, छापून. माझ्या डोळ्यांना मोबाईल सोसत नाही. त्यातली वऱ्हाडी भाषा कुणी पुण्यात बसून लिहिलेली असेल तर मला लगेच कळेल, आणि मी लाल पेनानं खुणा करून परत पाठवीन. नटांनी "काहून" हा शब्द चुकीच्या ठिकाणी टाकला तर संगीत कितीही चांगलं असो, आमच्याकडचा माणूस हसणार. गल्लीतल्या आजीबाईंची भुलाबाईची गाणी मी रेकॉर्ड करून ठेवली आहेत, तीही धाडते. ती जशीच्या तशी वापरायची असतील तर आधी सांग, मी त्यांना विचारून येईन. त्यांचं नाव जाहिरातीत घालायचं की नाही तेही त्याच ठरवतील.

बाबाची काळजी करू नकोस. त्याला मी 'घाशीराम'चं काही सांगणार नाही, तो त्यावरून वाद घालेल. त्याला वसंतरावांचं सांगेन.

तुझी,
आत्या

ता. क. प्रयोगाची तारीख ठरली की दुसऱ्याच दिवशी कळव. बडनेऱ्याहून पुण्याच्या गाडीचं रिझर्व्हेशन आयत्या वेळी मिळत नाही, आणि मला दोन तिकिटं काढायची आहेत.